तानपुरा मोडतो तो खोक्याच्या आत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. सोलापूरच्या घरी आजीचा मिरजेचा जनानी, म्हणजे बायकांच्या स्वराचा, तानपुरा आहे, साधारण १९७० च्या आसपास घेतलेला. घर विकायचं ठरलंय. तुम्ही न्यू जर्सीत, लेक गाणं शिकते, तानपुरा तिला द्यायचाय. मामांनी जवळच्या कुरिअरच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, ‘आम्ही टीव्ही पाठवतो, हे काय!’ आणि बबलरॅप, पुठ्ठ्याचं खोकं, ‘फ्रॅजाइल’चं स्टिकर आणि १४ किलोचा दर सांगून मोकळा झाला. तुमचं विचारणं एवढंच, की कुठली कंपनी चांगली आणि विमा कितीचा काढू.

मी मिरजेत ३० वर्षं तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो. कंपनी आणि विमा हे प्रश्न खरे आहेत, पण ते मागून येतात. पहिला प्रश्न असा की तुमचा तानपुरा आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत, खोक्यासकट कमरेच्या उंचीवरून एका टोकावर आदळला, तर टिकेल का? तो आदळणार असं धरूनच तयारी करायची. हमाल निष्काळजी असतो म्हणून मी हे म्हणत नाही. पार्सलची व्यवस्थाच तशी आहे.

खोक्यांची मजबुती तपासायच्या ज्या आंतरराष्ट्रीय चाचण्या आहेत, त्यांतली ‘इस्टा’ची अगदी प्राथमिक चाचणीसुद्धा साडेनऊ किलोच्या आतलं पार्सल ३० इंचांवरून, म्हणजे ७६ सेंटीमीटरवरून, पुन्हा पुन्हा टाकून बघते. जड पार्सलासाठी ही उंची कमी होत जाते, कारण हलकं खोकं माणूस एका हातानं उचलतो आणि टाकतो. जड खोकं दोघं उचलतात आणि ठेवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पेटीबद्दल बोलताना कामाला येईल. सोलापूरहून निघालेलं पार्सल पुणे, मुंबई, परदेशातला एखादा हब, अमेरिकेतला हब, तुमच्या गावचं गोदाम असं करत घरी येतं. प्रत्येक ठिकाणी एकदा उतरायचं, एकदा चढायचं. चौकोनी खोकी पट्ट्यावरून जातात. लांब खोकं पट्ट्यावर वळत नाही, म्हणून ते बाजूला काढतात आणि जागा कमी लागावी म्हणून भिंतीला उभं टेकवतात. दीड मीटर उंच आणि एकाच टोकाला जड असलेलं खोकं उभं केलं की शेजारच्या ट्रॉलीचा धक्का पुरतो. स्टिकर त्याला धरून ठेवत नाही.

आता वाद्याकडे या. १९९० च्या दशकात, मी या कामात नवा असताना, एक जनानी तानपुरा नागपूरला पाठवला होता. चांगल्या फायबरच्या केसमध्ये, भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळून. आठवड्यानं तो परत आला. केसला बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. उघडली तर खुंट्या जागच्या जागी, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जागच्या जागी. मला वाटलं, उगाच परत पाठवला. मग भोपळ्यावर हात फिरवला तेव्हा बुडाशी, जिथे तो केसला टेकला होता तिथे, बोटाला एक बारीक कडा लागली. एका बिंदूपासून तीन दिशांना तीन केसासारख्या भेगा गेलेल्या. आणि गळ्याजवळची कोरीव पानं सैल झाली होती. ती उचलल्यावर खाली सांधा दिसला, पोस्टकार्ड आत जाईल एवढा उघडा, आणि त्यात जुन्या सरसाचा चुरा, खडीसाखर कुटल्यासारखा. त्या दिवशी मला समजलं की बाहेरून दाबलं म्हणून वाद्य मोडलं नव्हतं. खोकं थांबलं, वाद्य थांबलं नाही.

हे कारण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं पॅकिंग त्यावरच ठरतं. तानपुऱ्याचं बहुतेक वजन एका टोकाला, भोपळ्यात, तबलीत (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) आणि गळ्यात असतं. दुसऱ्या टोकाला चार खुंट्या आणि लांब पोकळ दांडी. मधे गळ्याचा सांधा, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे सरसानं एकमेकांना धरतात ती जागा. खोकं आडवं पडून एकदम थांबतं तेव्हा दांडी पुढे जायला बघते, भोपळा आपल्या वजनानं वेगळ्याच वेळी थांबतो, आणि सगळा पीळ सांध्यावर येतो. भोपळा म्हणजे शेवटी एक वाळलेलं फळ. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी हे भोपळे पिकतात. साल कुठे बोटाच्या पेराएवढी जाड, कुठे त्याच्या निम्मीही नाही. वर्षानुवर्षं मांडीवर, सतरंजीवर प्रेमानं टेकलेला भोपळा छान राहतो, पण एका बिंदूवर आलेला झटका त्याला सोसत नाही. टीव्हीशी तुलना चुकते ती इथे. टीव्हीचा कारखाना त्याच टीव्हीच्या मापाचा थर्मोकोल बनवतो, टाकून बघतो, मग विकतो. तुमच्या तानपुऱ्याच्या मापाचं जगात दुसरं काही नाही.

म्हणून पाठवण्याआधी वाद्य तपासून घ्यावं. इथे उत्तर तुमच्या तानपुऱ्यावर अवलंबून आहे, आणि फोटोवरून मी ते सांगू शकत नाही. मामांना एवढं करायला सांगा: तानपुरा आडवा मांडीवर घ्यायचा, एक हात भोपळ्यावर, एक दांडीवर, आणि अगदी हलका पीळ द्यायचा. सांध्यातून ‘कर्र’ असा आवाज आला किंवा पानांच्या कडेला रेघ उघडमीट झाली, तर सरस मेलाय. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या वाद्यात ते सहज असू शकतं. मग भोपळ्यावर बोटाच्या पेरानं सगळीकडे टकटक करायची. एकसारखा भरीव आवाज हवा. कुठे फुटक्या मडक्यासारखा आला तर आत भेग आहे. लाकडावर बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा आहे. असं वाद्य आधी दुरुस्तीला आणावंच लागेल, नाहीतर कीड लागलेलं लाकूड म्हणून ते सीमेवर अडकू शकतं. यातलं काहीही असेल तर आधी सांधा उघडून नव्यानं बसवून घ्या, मग पाठवायचा विचार करा. सैल सांध्याचा तानपुरा कुठल्याही पेटीत घातला तरी तो पोचताना दोन तुकडे असतील. आणि कृपा करून घरी कुणी त्या सांध्यात फेविक्विक सोडू नये. सरस गरम पाण्यानं सुटतो आणि पुन्हा बसतो. फेविक्विक लाकडात शिरलं की नवा सरस तिथे धरत नाही.

सांधा घट्ट असेल तर पुढची गोष्ट हवामानाची. सरस आणि लाखेचं पॉलिश, दोघांनाही उष्णता सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात उभ्या राहिलेल्या बंद टेम्पोत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माझ्याकडे एक सतार आली होती, तबलीवर सगळीकडे वाटाण्याएवढे गोल ठसे. बबलरॅप थेट पॉलिशवर गुंडाळला होता आणि उन्हानं लाख मऊ पडली. पूर्ण तबली घासून पुन्हा पॉलिश करावी लागली, आणि तबली घासली की तिची जाडी बदलते, आवाजही थोडा बदलतोच. त्यामुळे वाद्याला पहिला थर कायम धुतलेल्या मऊ सुती कापडाचा, जुनी नऊवारी असेल तर उत्तम. प्लास्टिक त्यावर. पावसाळ्यातही पाठवू नका. लाकूड आणि भोपळा ओल पितात आणि मग न्यू जर्सीच्या हीटर लावलेल्या कोरड्या घरात ती झपाट्यानं सोडतात. भेगा पडतात त्या अशा वेळी. दसऱ्यानंतरचे चार-सहा आठवडे मला सगळ्यात बरे वाटतात: इथली हवा कोरडी झालेली असते आणि तिथली थंडी अजून पूर्ण लागलेली नसते.

तारा सैल करून पाठवा, असं सगळेच सांगतात. बरोबर आहे, पण तानपुऱ्याच्या बाबतीत मी एक पाऊल पुढे जातो: खुंट्याच काढून टाकतो. बाहेर आलेली खुंटी म्हणजे तरफ. तिच्या टोकाला बसलेला छोटा धक्का भोकापाशी कितीतरी मोठा होऊन पोचतो आणि दांडीचं तोंड चिरतं. ती चीर नीट सांधणं फार अवघड, कारण तिथेच पुन्हा खुंटी घट्ट बसायला हवी असते. खुंटी काढण्याआधी तिच्यावर आणि भोकाशेजारी पेन्सिलनं एक, दोन, तीन, चार लिहा. चारही सारख्या दिसतात, पण प्रत्येक आपापल्या भोकाशी इतक्या वर्षांत झिजून जुळलेली असते. अदलाबदल झाली की सूर घसरत राहतो. तारा हलकेच गुंडाळून, मणी काढून, सगळं एका डबीत. लंगोटाजवळ, म्हणजे भोपळ्याच्या टोकाला तारा अडकतात तिथे, गाठी ठेवल्या तरी चालतात.

घोडी सरसानं चिकटवलेली असेल तर तिला हात लावू नका. नुसती ताणावर उभी असेल तर पेन्सिलनं तबलीवर तिच्या चारही कोपऱ्यांची खूण करून काढून घ्या. जवारी बिघडेल ही भीती मी समजू शकतो, आजीच्या तानपुऱ्याची जवारी म्हणजे तिचा आवाज. पण घोडीचा वरचा पृष्ठभाग, म्हणजे खरी जवारी, कापडात गुंडाळून डबीत राहिला तर काही होत नाही. तारेखालचा दोरा तर प्रत्येक वेळी नव्यानं सरकवायचाच असतो. याला अपवाद एकच: तुमच्या आसपास तारा चढवणारं आणि जवारी जुळवणारं कुणीच नसेल तर. न्यू जर्सीत हिंदुस्थानी संगीत शिकवणारे पुष्कळ आहेत, लेकीच्या गुरूंना आधी विचारून ठेवा.

आता पेटी. पुठ्ठ्याचं खोकं या प्रवासाला नको. प्लायवुडची पेटी करून घ्या, आणि तिच्या आत वाद्य तरंगतं ठेवायचं नाही, धरून ठेवायचं. मी असं करतो: पेटीच्या तळाला तीन इंच जाड ईपीई फोम, तोच पांढरा, दाबला तर परत फुगणारा. थर्मोकोल नको, तो पहिल्या धक्क्यात दबतो आणि तसाच राहतो, दुसऱ्या धक्क्याला तिथे पोकळी असते. फोममध्ये भोपळ्याच्या आकाराचा खड्डा कोरायचा, पण बुडाचा बिंदू टेकणार नाही असा. भोपळा बुडावर उभा न राहता कडेनं, चुंबळीवर घागर बसावी तसा बसला पाहिजे. गळ्याखाली फोमचं एक खोगीर, दांडीखाली दोन. वरूनही तशीच खोगिरं, म्हणजे झाकण बसलं की गळा आणि दांडी दोन्ही बाजूंनी पकडली जाते. तबलीवर आणि घोडीच्या जागेवर काहीही टेकवायचं नाही, तिथे मोकळी हवा. खुंट्यांच्या बाजूच्या टोकाला पूर्ण तीन इंच फोम हवाच, कारण पेटी उभी आपटली तर सगळं वाद्य त्या दिशेला धावतं.

बहुतेक जण फायबर केसवर थांबतात. केस चांगलीच, गाडीतून मैफलीला जायला. पण केसमध्ये दांडीखाली बहुधा पोकळी असते आणि भोपळा केसच्या कवचाला जवळजवळ भिडलेला असतो. पार्सलनं जायचं तर केस आतली पेटी समजा आणि तिच्याभोवती दुसरी पेटी करा.

पेटीला खाली दोन आडव्या पट्ट्या ठोका आणि लांब बाजूंना दोन-दोन दोरीचे कान लावा. माणूस कान दिसेल तिथे धरतो. कान आडव्या बाजूला असले की पेटी आडवीच उचलली जाते, आणि दोघं उचलतात. झाकणाला छपरासारखा थोडा उतार दिला तर तिच्यावर दुसरं सामान रचत नाहीत. खिळे मारू नका, स्क्रू लावा. विमानतळावर सुरक्षा तपासणीत पेटी उघडली जाऊ शकते, आणि खिळे उपटून उघडलेली पेटी परत नीट बंद होत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला वाद्य कसं बसलंय त्याचा मोठा फोटो चिकटवा आणि इंग्रजीत दोन ओळी लिहा. बाहेरच्या देशात पेटी जायची असेल तर भरीव लाकडाच्या पट्ट्यांवर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. हा ‘आयएसपीएम १५’ नावाचा नियम, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं हवं. प्लायवुडला तो लागू नाही. म्हणून पट्ट्यासुद्धा प्लायवुडच्याच कापून घ्या, प्रश्नच मिटतो.

एवढी पेटी झाली की दुकानदाराचा १४ किलोचा दर विसरा. हवाई कुरिअर खऱ्या वजनापेक्षा जागेचं वजन मोठं असेल तर ते धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. तुमची पेटी साधारण १५० बाय ६० बाय ५५ होईल. गुणाकार ४,९५,०००, भागिले ५०००, म्हणजे ९९ किलो. काट्यावर ती १८-२० किलोच भरेल, पैसे ९९ किलोचे. मालवाहतुकीच्या एजंटमार्फत एअर कार्गोनं पाठवली तर भाजक सहसा ६००० असतो, म्हणजे साडेब्याऐंशी किलो. हा आकडा ऐकून लोक पेटी लहान करायला बघतात, फोम तीन इंचांचा एक इंच करतात. तसं करू नका. एवढा खर्च झेपत नसेल तर न पाठवणं बरं, इथेच चांगल्या घरी ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर आधी तिसरा रस्ता बघितला असता. तुम्ही किंवा घरातलं कुणी पुढच्या वर्षभरात भारतात येणार असाल तर तानपुरा सामानातून न्या. अमेरिकी विमान कंपन्यांना २०१५ पासून एक नियम लागू आहे: वाद्याच्या पेटीची लांबी, रुंदी, उंची मिळून १५० इंचांच्या आत आणि वजन १६५ पौंडांच्या आत असेल, आणि विमानात तशी सोय असेल, तर ती चेक-इन सामान म्हणून घ्यायला हवी. तुमच्या पेटीची बेरीज २६५ सेंटीमीटर, म्हणजे १०५ इंचांच्या आत-बाहेर. बसते. जादा आकाराचं शुल्क पडेल, पण ते ९९ किलोच्या कुरिअरपुढे बहुधा कमीच भरतं, आणि हाताळणीचे टप्पे निम्म्याहून कमी होतात. मात्र हा नियम अमेरिकी कंपन्यांचा. दुसऱ्या कंपनीचं तिकीट असेल तर फोन करून, मापं सांगून, त्यांचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या. काउंटरवर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. सोलापूरहून मुंबईपर्यंत तर पार्सल नकोच. रेल्वेत वरच्या बर्थवर तानपुरा आडवा मावतो, ब्रेकव्हॅनमध्ये देऊ नका. ट्रॅव्हल्सच्या डिकीतही नको. तिथे खाली इंजिनाची धग आणि वर लोकांच्या बॅगा.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाद्यावर पांढरी नक्षी आहे का? दांडीच्या कडांना, तबलीभोवती, पानांवर. बहुतेक वेळा ती सेल्युलॉइडची किंवा हाडाची असते. पण जुन्या वाद्यांत कधी हस्तिदंत निघतो, आणि घोडी किंवा आड (खुंट्यांकडची तारा टेकायची पट्टी) कधी सांबरशिंगाची. हस्तिदंताची आंतरराष्ट्रीय ने-आण जवळजवळ बंद आहे, अमेरिकेनं २०१६ मध्ये नियम आणखी कडक केले, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तर मोठी शिक्षा आहे. जप्त झालेलं वाद्य परत मिळण्याची आशा धरू नका. ओळखायचं असं: भिंगातून बघितल्यावर हाडावर बारीक काळपट ठिपके नि रेघोट्या दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते, आणि सेल्युलॉइडवर एकसारख्या समांतर रेघा असतात किंवा काहीच नसतं, ते चोळलं की कापरासारखा वास येतो. गरम सुई टोचून बघायची जुनी पद्धत कुणी सुचवेल. अजिबात करू नका, सेल्युलॉइड भप्पकन पेट घेतं. शंका असेल तर ती पट्टी किंवा घोडी जाणकाराकडून बदलून घ्या आणि मूळ तुकडा इथेच ठेवा. खुंट्यांच्या शिसवी लाकडाची मात्र काळजी नको. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या कुळावर निर्बंध आले होते, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. तुमचा तानपुरा १९७० च्या आसपासचा, म्हणून १०० वर्षांवरच्या वस्तूंना लागणारा पुरातत्त्व कायदाही आड येत नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे पणजोबांच्या काळचं वाद्य असेल तर त्यांना पुरातत्त्व खात्याकडून ते ‘पुरावस्तू’ नसल्याचा दाखला घ्यावा लागेल. कागदावर ‘वापरलेलं वाद्य, घरगुती, विक्रीसाठी नाही’ असं आणि खरी किंमत लिहा. शुल्क वाचवायला किंमत कमी लिहिली की भरपाईही तेवढ्याचीच. शिवाय अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २०२५ च्या ऑगस्टपासून बंद झाली आहे.

आता विमा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत, जास्तीची किंमत आधी जाहीर करून तिचे पैसे भरले नसतील, तर माँट्रिअल करारानुसार कंपनीची जबाबदारी वजनावर ठरते: किलोला २६ एसडीआर, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. इथे जागेचं ९९ किलो वजन कामाला येत नाही, काट्यावरचं धरतात. १८ किलोला ४६८ एसडीआर, म्हणजे साधारण ६०० डॉलरच्या आसपास. म्हणून स्वतंत्र विमा घ्या, पण पॉलिसीत ‘अपुरं पॅकिंग’ हे कलम शोधा. दावे बहुतेक तिथेच अडतात. कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘खोक्याला बाहेरून मार आहे का?’ आणि मघाशी सांगितलं तसं, बहुतेक वेळा नसतो. त्यामुळे फोटो हाच तुमचा पुरावा. वाद्य सगळ्या बाजूंनी, गळ्याचा सांधा जवळून, पॅकिंगचा प्रत्येक थर, बंद पेटी. पेटीवर बाहेरून धक्का दाखवणारं स्टिकर मिळतं, जोराचा मार बसला की त्यातली नळी लाल होते. ते लावा. त्यानं मार टळत नाही, पण पोचल्यावर ते लाल दिसलं तर पावतीवर सही करण्याआधी तसं लिहून द्या. नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत गेलीच पाहिजे. वाद्य मोडलंच तर एकही कपची फेकू नका. भोपळ्याचा नखाएवढा तुकडासुद्धा परत बसतो. नवा भोपळा घातला तर मात्र आवाज आजीचा राहत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तबला-हार्मोनियमबद्दलही याच ओघात विचारणा होते, म्हणून थोडक्यात: हार्मोनियमचा भाता बंद करून खिट्टी लावायची आणि पट्ट्यांवर सपाट फोम दाबून बसवायचा, नाहीतर आतले सूर, म्हणजे रीड, हलतात. तबला उन्हात तापला की पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणानं फाटते, म्हणून वादीखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर सरकवून ताण कमी करावा. गोव्याहून घुमट हे तालवाद्य मागवणाऱ्यांनी त्याचं कातडं बकरीचंच आहे ना हे आधी विचारावं. पूर्वी घोरपडीचं लावत, ते बेकायदा आहे, आणि वर ते मातीचं भांडं, त्याला भोपळ्यापेक्षाही जास्त जपावं लागतं.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी सांधा तपासून घ्या, पांढरी नक्षी बघून घ्या, मग दसऱ्यानंतर कुणी येणार असेल तर सोबत न्या. कुणीच येणार नसेल तर प्लायवुडच्या पेटीतून एअर कार्गो. दुकानदाराचं बबलरॅप आणि पुठ्ठा मात्र नको.

पेटी घरी पोचली की लगेच उघडायचा मोह होईल. हिवाळा असेल तर एक पूर्ण दिवस ती तशीच बंद, खोलीत, हीटरपासून लांब ठेवा, म्हणजे आतलं लाकूड हळूहळू घराच्या उष्णतेला येईल. मग फोटो काढत उघडा. खुंट्या नंबर बघून बसवा, घसरत असतील तर थोडा खडू लावा. तारा एकाच दिवशी स्वरात आणू नका. पहिल्या दिवशी नुसत्या ताठ, दुसऱ्या दिवशी हव्या त्या स्वराच्या तीन-चार सूर खाली, तिसऱ्या दिवशी स्वरात. सांध्याला आणि तबलीला ताण आठवायला वेळ द्या. आणि मामांना सांगा, घोडीवरचा जुना दोरा कचरा समजून टाकू नका, खुंट्यांच्याच डबीत ठेवा. तो किती जाड होता ते बघूनच लेकीला नवा निवडता येईल.